पाण्याखालचा श्वास

वर्धा जिल्ह्यांतील रोहण्यासारख्या गांवीं विहिरींत सूर मारणारा मुलगा एकच नियम जाणतो : छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि वर येईपर्यंत तो सोडावयाचा नाहीं. हवेची टाकी पाठीवर घेऊन समुद्रांत उतरणाऱ्याला मात्र हाच नियम प्राणघातक ठरतो. असें कां, याचें उत्तर टाकीवरील एका लहानशा डबींत आहे.

पाण्यांत दर १० मीटर खोलीला सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळें लांब नळीचें टोंक वर ठेवून खोल पाण्यांत श्वास घेतां येत नाहीं; पाण्यानें दाबलेली छाती फुगतच नाहीं. उलट, टाकींतील हवा शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाची. ती सरळ तोंडांत सोडणें धोक्याचें. हवा हवी ती भोंवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची, आणि तीहि मागतांच.

ही कल्पना एकोणिसाव्या शतकांतलीच. परंतु १९४३ सालीं फ्रान्समध्यें एमिल गान्यां व झाक कूस्तो यांनीं तिला सुटसुटीत रूप दिलें. महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें, तेव्हां मोटारी वायूवर चालविण्यासाठीं गान्यां यांनीं केलेली झडप येथें उपयोगी पडली.

डबींत रबराचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका अंगास पाणी, दुसऱ्या अंगास हवा. श्वास ओढतांच आंतला दाब किंचित् उतरतो, पाणी पडद्यास आंत ढकलतें, पडदा तरफ दाबतो आणि झडप उघडते. ओढणें थांबलें कीं पडदा मागें सरतो व झडप मिटते.

मार्न नदींतील पहिल्या चांचणींत कूस्तो उभे राहिले कीं हवा वायां जाई, डोकें खालीं केलें कीं ती पुरेशी मिळेना. उच्छ्वासाचें द्वार व पडदा निरनिराळ्या पातळीवर असल्यानें दोहोंवरील दाब सारखा नव्हता. तें द्वार पडद्याशेजारीं आणतांच दोष मिटला. म्हणूनच जुन्या यंत्रांना दोन नळ्या असत : एक श्वासाची, दुसरी उच्छ्वास मानेमागील डबीपर्यंत नेणारी. आज मालवणच्या समुद्रांत बुडी घेणारे एकाच नळीचें यंत्र वापरतात. त्यांत पडदा तोंडाशींच असतो, तत्त्व तेंच.

आतां तो नियम पाहूं. १० मीटरांवर फुप्फुसांत भरलेली हवा दुप्पट दाबाची असते. श्वास कोंडून वर आल्यास ती दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटूं शकतें. विहिरींतला मुलगा वरचीच हवा खालीं नेतो व तीच वर आणतो. म्हणून त्यास हें भय नाहीं. यंत्र लावणाऱ्यानें मात्र श्वास क्षणभरहि कोंडूं नये.