दिव्याचे बटण कोणत्या तारेत?



विजेच्या दिव्यावर व्याख्यान म्हटल्यावर आपणांस एडिसनची आठवण झाली असेल. मी मात्र आपले लक्ष शिडीवर उभ्या असलेल्या एका मुलाकडे वेधणार आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तो पुरा करून हा मुलगा एखाद्या वायरमनच्या हाताखाली उमेदवारीला लागतो आणि प्रथम त्याच्या वाट्याला येतात ते दिवे. दिव्यांचे काम सोपे, अशी समजूत आहे ना!

या कामातली खरी अडचण अशी की, चुकीच्या तारकामानेही दिवा लागतो. दिव्याकडे फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा जातात. बटण फेजमध्ये बसवा किंवा न्यूट्रलमध्ये. दिवा लागतो आणि विझतोही. घरमालक खूश, ठेकेदारही खूश. फरक कळतो तो दिवा बदलताना. बटण न्यूट्रलमध्ये असेल तर दिवा विझला तरी होल्डरपर्यंत 230 व्होल्टची फेज येऊन थांबलेली असते. घरातले कोणी बटण बंद करून, म्हणजे आपल्या परीने पुरती काळजी घेऊन, स्टुलावर चढते आणि बोट होल्डरमधल्या पितळी पिनेला लागते.

‘फ्यूज आहे की!’ असे पुष्कळजण म्हणतात. जरा हिशेब करू. 60 वॉटचा जुना दिवा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो. याच्या निम्माही प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज काय किंवा त्याच्या जागी आलेली एमसीबी काय, ती तारेला जपते. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असते. ती अवश्य बसवावी. पण एका हाताला फेज आणि दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागली, तर तिच्या लेखी आपण आणि दिवा सारखेच!

जिन्यातल्या दिव्याची गोष्ट याहून वाईट. त्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणे. तार वाचवण्यासाठी फेज खालच्या मजल्याच्या सर्किटवरून घ्यायची आणि न्यूट्रल हाताशी आली म्हणून वरच्या मजल्याची जोडायची, असा प्रकार सर्रास चालतो. दहाबारा फूट तार वाचते खरी. पुढे कधीतरी दुसराच कारागीर वरची एमसीबी बंद करून निर्धास्तपणे काळ्या तारेचा जोड सोडतो. जिन्यातला दिवा त्या वेळी चालू असेल, तर त्याच्यातून आलेली फेज त्या काळ्या तारेच्या उघड्या टोकाशी उभी असते. रंगावर विश्वास टाकून चालत नाही तो यासाठी. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ हा संकेत चांगला, पण जुन्या वाड्यात कोणी कोणता तुकडा कोठे जोडला असेल, सांगता येत नाही.

म्हणून उमेदवाराला हत्यारे हाताळण्याआधी एक सवय लावावी लागते. मेन बंद करण्यापूर्वी टेस्टर चालू असलेल्या प्लगवर लावून पाहायचा. मग मेन बंद करून कामाच्या जागी पाहायचा, आणि पुन्हा दुसऱ्या, चालू असल्याची खात्री असलेल्या जागी. टेस्टरातला दिवा पेटला नाही, याचा अर्थ टेस्टर बिघडला असाही होतो. हे तीनदा पाहणे मुलांना कंटाळवाणे वाटते, आणि ठेकेदाराची घाई तर विचारूच नका.

आता आपल्या घरापुरते. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा रात्री मंद लुकलुकत असेल, तर नेहमी तारकामच चुकलेले असते असे नव्हे. पण बटण न्यूट्रलमध्ये असण्याची शंका घ्यावी आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. नवे काम झाले असेल तर पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच प्रत्येक बटण बंद करवून, दिवा काढवून, होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावून घ्यावा. एकाही पिनेवर तो पेटता कामा नये.