काठावरचा एक गुण



आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी आम्ही कधी चढलो नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, कामाच्या पाळ्या सांभाळून. मग विद्यार्थी आणि प्राध्यापक यांच्यातल्या गुणांच्या तंट्यावर आम्ही का बोलावे? उत्तर साधे आहे. एकाने काम करायचे, दुसऱ्याने त्याची किंमत ठरवायची, आणि 'कमी का?' असे विचारले की किंमत ठरवणाऱ्याच्या कपाळाला आठी पडायची, हा प्रकार आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. शिवाय विडी वळणाऱ्या बाईची मुलगी आज बी.कॉम.ला बसते. तेव्हा हा तंटा आता आमच्याही दारात आलेला आहे.

निकाल लागला की कॉलेजच्या व्हरांड्यात काय चालते ते आपण जाणता. साठाला पहिला वर्ग आणि पोराला एकोणसाठ. शिष्यवृत्ती, पुढचा प्रवेश, कधी नोकरीचा अर्ज, सारे त्या एका गुणापाशी अडते. अलीकडे गुणांऐवजी अक्षरे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा बिंदूंच्या पद्धतीत बी म्हणजे सहा आणि बी प्लस म्हणजे सात. अक्षराने काठ बुजला असे कोणी समजू नये. एका गुणाच्या फरकाने आता अख्खी पायरी खाली यावे लागते. त्यातच अंतर्गत गुण वर्गावरच्या प्राध्यापकांच्या हाती असतात. त्यामुळे विद्यार्थी विद्यापीठाच्या खिडकीशी न जाता थेट सरांच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

आता पहिला प्रश्न असा की, तो एक गुण खरोखर इतका नेमका असतो काय? डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी ऱ्होड्स या सहकाऱ्यासह १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेणारे एक पुस्तक विलायतेत प्रसिद्ध केले. त्यातला एक प्रयोग सांगतो. इतिहासाच्या अशा पंधरा उत्तरपत्रिका निवडल्या, की ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण पडले होते. त्या पंधरा परीक्षकांकडून तपासून घेतल्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांच्यापैकी चौदा जणांना त्याच पत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. एकूण २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ निर्णय बदलले. पत्रिका तीच, परीक्षक तोच, आणि उत्तीर्ण, अनुत्तीर्ण की विशेष उत्तीर्ण हा निकाल मात्र निराळा! परीक्षक अप्रामाणिक होते असे कोणी म्हटले नाही. माणसाच्या नजरेची वजनकाट्याइतकी खात्री देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे आम्हांला नवे नाही. कामठी, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात विडी कामगारांना 'छाट' हा शब्द शिकवावा लागत नाही. बाईने दिवसभर बसून हजार विड्या वळाव्यात, सट्टेदाराने मूठ उचलून 'ही कच्ची, ही वाकडी' म्हणत बाजूला टाकावी, आणि त्या विड्यांची मजुरी बुडावी. छाट काढायलाच नको असे आमच्या चळवळीने कधी म्हटले नाही. वाईट विडी ही वाईटच. आमचे म्हणणे एवढेच की, छाट कोणत्या मापाने काढली ते सांगा, आणि पटले नाही तर दाद मागायला तिसरी जागा द्या. कामठीच्या बाबू हरदासांनी विडी मजुरांची संघटना बांधली ती गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात. पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने, नाकारलेल्या विड्यांबद्दलचा तंटा झटपट सोडवण्यासाठी शासनाने अधिकारी नेमावा, अशी तरतूद केली. त्याच्याही आधी, १९३६ च्या वेतन कायद्याने दंड करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेणे मालकावर बंधनकारक केले होते.

आता याच्या शेजारी विद्यार्थ्याची कहाणी ठेवून पाहा. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाचा नियम असा होता की, बेरीज पडताळून मिळेल, एखादे उत्तर तपासायचे राहिले असेल तर तेही पाहिले जाईल. पण उत्तरपत्रिका दाखवणार नाही आणि फेरतपासणीही करणार नाही. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९८० साली जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ साली मंडळ जिंकले. लक्षावधी पत्रिका पुन:पुन्हा उघडल्या तर निकालाला शेवटच राहणार नाही, असा त्यामागचा विचार होता. तो विचार पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि तपासलेली पत्रिका डोळ्यांनी पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०११ साली, माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली. दंडाआधी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क गिरणी कामगाराला १९३६ साली मिळाला. आपलीच पत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला मिळायला आणखी पंचाहत्तर वर्षे जावी लागली!

परंतु हक्क कागदावर आला म्हणजे तो सर्वांच्या हाती आला असे होत नाही. सरांच्या दाराशी कोण जातो? ज्याच्या घरी बोलण्याची सवय आहे, ज्याचे वडील सरांना ओळखतात, ज्याला फेरमूल्यांकनाचे शुल्क भरणे जड नाही, तो जातो. विडीवालीची मुलगी एकोणसाठ गुण पदरात घेऊन मुकाट्याने घरी येते. तिला वाटते, आपलीच लायकी एवढी. म्हणून विनवणीवर गुण वाढू लागले की ते गरजेप्रमाणे वाढत नाहीत, धिटाईप्रमाणे वाढतात. आणि याच अंधारात दलाल शिरतो. १९९९ साली आपल्या नागपूर विद्यापीठातले बनावट गुणपत्रिकांचे आणि फेरमूल्यांकनाचे प्रकरण उघडकीस आले. ते या शहराने विसरू नये.

प्राध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. आज पुष्कळ कॉलेजांत शिकवणारा माणूस तासिका तत्त्वावर असतो. घेतलेल्या तासाचे पैसे, तपासलेल्या पत्रिकेचे पैसे. आमच्या भाषेत तो नगावर काम करणारा मजूरच झाला. गठ्ठा संपवण्याची घाई त्यालाही असते. विद्यार्थी रडत आला तर मन द्रवते, आणि दहा जण घोषणा देत आले तर पुढच्या वर्षीची नेमणूक डोळ्यांपुढे येते. अशा माणसाला घेराव घालून गुण मागणे याला आम्ही लढा म्हणणार नाही. शिवाय साठाची रेघ एकोणसाठावर आणली तर अठ्ठावन्नवाला काठावर येतो. दयेने काठ नाहीसा होत नाही, फक्त सरकतो.

मग करावे काय? विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. 'सर, एक गुण द्या' असे म्हणू नका. 'चौथ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला गुण का कापले, ते दाखवा' असे म्हणा. पहिली भीक आहे, दुसरी तक्रार आहे. तक्रार लेखी द्या, मुदतीत द्या आणि बोट ठेवून द्या. उत्तर चुकलेलेच असेल तर तेही मान्य करा. खोटी तक्रार पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजन घालवते.

कॉलेजांना आमचे सांगणे असे. कोणत्या मुद्द्याला किती गुण, हे तपासणीपूर्वी ठरवा आणि निकालानंतर फलकावर लावा. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी सर्वांना दाखवा. रेघेच्या दोन गुण वर आणि दोन गुण खाली असलेली प्रत्येक पत्रिका, कोणी मागो वा न मागो, नाव झाकून दुसऱ्या परीक्षकाकडे द्या आणि त्याला त्या कामाचा योग्य मोबदला द्या. गुण वाढोत वा घटोत, नियम सर्वांना एक. म्हणजे जी मुलगी दाराशी येत नाही, तिचीही पत्रिका दुसऱ्यांदा पाहिली जाईल.

यात खर्च आहे, हे आम्ही जाणतो. पण एका चुकलेल्या गुणाचा खर्च आज कोणीतरी भरतोच आहे, आणि बहुधा तो भरणाऱ्याच्या घरात कॉलेजात गेलेले ते पहिलेच माणूस असते. पालक म्हणून, माजी विद्यार्थी म्हणून, आपल्यापैकी अनेकांचा कॉलेजांशी संबंध आहे. हे नियम आपल्या कॉलेजात आहेत की नाहीत, एवढी चौकशी या जूनमध्ये आपण करावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.