चौदा दिवसांचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त जानेवारी २०२३ मध्ये ज्येष्ठ सभासदांसाठी झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला "प्रवासवर्णन". मी म्हटलं, वर्णन करण्यासारखं मी काही बघितलेलं नाही. २०२१ साली आम्ही दोघं कोल्हापूरहून निघून मालदीव, कतार करत अमेरिकेला गेलो, पण या तीन देशांत मिळून मी पाहिलं काय, तर एका गेस्टहाऊसची गच्ची, एक विमानतळ आणि मुलीच्या घरचं स्वयंपाकघर. तेव्हा प्रवासाबद्दल नाही, प्रवास ठरवण्याबद्दल बोलतो. आपल्या पंचेचाळीस फ्लॅटपैकी निम्म्या घरांत कुणी ना कुणी परदेशात आहे, त्यामुळे तुम्हाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आमची मुलगी न्यू जर्सीत असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. हे मी तिची परवानगी घेऊन सांगतोय. त्या वेळी भारतातून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासूनच बंद होती. सौ. रोज रात्री मोबाईलसमोर बसायची, मुलगी तिकडून नुसती बघायची, दोघी बोलायच्या नाहीत. त्यानंतर २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गोड बातमी आली. डॉक्टरांनी तारीख दिली २४ नोव्हेंबर. सौ. ने त्याच दिवशी सांगितलं, "या खेपेला मी तिथं असणार. कसं ते तुम्ही बघा."

आणि मग महिन्याभरात अमेरिकेनं दार लावलं. ३० एप्रिलला राष्ट्राध्यक्षांची घोषणा निघाली आणि ४ मेपासून लागू झाली. आमच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा होता, २०१७ साली काढलेला. तो चालू होता, पण उपयोगाचा नव्हता.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. तिथं एक सवय लागली, ती म्हणजे परिपत्रक मुळातून वाचायचं. कोण काय म्हणालं, पेपरात काय आलं, व्हॉट्सॲपवर काय फिरतंय हे नंतर. ती घोषणा मी इंग्रजीत प्रिंट काढून पेन्सिलीने खुणा करत वाचली. लोक म्हणत होते, "भारतीयांना बंदी." पण कागदावर तसं नव्हतं. अमेरिकेत पोचण्याच्या आधीच्या चौदा दिवसांत जो माणूस प्रत्यक्ष भारतात होता, त्याला बंदी होती. त्यांचे नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सोडून. म्हणजे प्रश्न पासपोर्ट कुठला याचा नव्हता, गेले चौदा दिवस पाय कुठल्या जमिनीवर होते याचा होता. अपवादांची यादीही होती. एकवीस वर्षांखालच्या अविवाहित अमेरिकन मुलाचे आईवडील असाल तर जाता येत होतं. आमची मुलगी तेहतीस वर्षांची, लग्न झालेली, नोकरीच्या व्हिसावर. बाळंतपणाला जाणाऱ्या आईचं कलम त्यात नव्हतं. असायचं कारणही नाही म्हणा, ही आपली रीत, ती वॉशिंग्टनला कशी ठाऊक असणार!

तर वाट एकच, मधे कुठल्या तरी देशात चौदा दिवस राहायचं. सगळे पहिल्यांदा म्हणाले लंडन, नाहीतर जर्मनी, तिथं ओळखीचे आहेत. पण तशीच बंदी ब्रिटन, आयर्लंड, युरोपातले शेंगेन देश, चीन, इराण, ब्राझील, दक्षिण आफ्रिका यांच्यावरही होती. जर्मनीत चौदा दिवस राहिलो असतो तर एका यादीतून निघून दुसऱ्या यादीत पडलो असतो. मेक्सिकोला अमेरिकन व्हिसावर जाता येत होतं, तिथं टेस्टही मागत नव्हते, बरेच जण त्या वाटेनं गेले. पण तिथवर पोचायला जवळपास अर्धी पृथ्वी ओलांडायची, तीही युरोपात विमान बदलून. सौ. चे गुडघे बघता मी ते नाव खोडलं. दुबईनं एप्रिलअखेरीसच आपल्याकडून येणाऱ्यांना बंद केलं होतं, ऑगस्टमध्ये थोडं सैल केलं. मालदीवनंही मे महिन्यात आपल्याला येऊ देणं थांबवलं होतं, ते १५ जुलैपासून पुन्हा सुरू झालं. तिथं पोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो. मुंबईहून जेमतेम तीन तासांचा प्रवास. शिवाय त्या देशावर अमेरिकेची बंदी नाही.

मालदीवचं नाव बाहेर फुटल्यावर आपल्या कट्ट्यावर काय झालं ते इथं बसलेल्यांपैकी काहींना आठवत असेल. "साहेब, या वयात हनिमून काय!" एकानं तर मला दोन टी-शर्ट आणून दिले, नारळाच्या झाडांचे. ते मी वापरले, हे इथं जाहीर करतो.

आता खरी गुंतागुंत सांगतो. ती लशीची होती. मार्च २०२१ मध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली तेव्हा केंद्रावर जी असेल ती घ्यायची असा प्रकार होता. मला कोविशिल्ड मिळाली, आपल्या पुण्यात तयार झालेली. सौ. दुसऱ्या दिवशी गेली, तिला कोव्हॅक्सिन मिळाली, हैदराबादची. तेव्हा आम्ही म्हटलं, लस ती लस. सप्टेंबरमध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की नोव्हेंबरपासून ही देशवार बंदी काढणार, पण बाहेरच्या माणसाला लस घेतलेली असणं सक्तीचं. कुठली लस? त्यांच्या खात्यानं मान्य केलेली किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली. कोविशिल्ड त्या यादीत फेब्रुवारीपासूनच होती. कोव्हॅक्सिनची छाननी चालू होती.

१५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या रात्री, आपटा वाटून घरी आलो आणि बातमी लागली की नवा नियम ८ नोव्हेंबरपासून. सौ. म्हणाली, "बरं झालं, आता सरळ जाता येईल." मी म्हटलं, "मला येईल. तुला नाही." तिला काही क्षण कळलंच नाही. ८ तारखेपर्यंत लस विचारणार नाहीत पण चौदा दिवस विचारणार. ८ तारखेपासून चौदा दिवस विचारणार नाहीत पण लस विचारणार. कोव्हॅक्सिनला मान्यता मिळाली तर सगळा प्रश्नच मिटला. नाही मिळाली तर ८ नंतर मालदीव करा नाहीतर काशी करा, तिला आत जाता येणार नव्हतं.

बँकेत मुदत ठेवीचे दिवस मोजताना पैसे ठेवल्याचा दिवस धरायचा की काढल्याचा, यावर नवीन क्लार्कची हमखास गडबड व्हायची. मी कॅलेंडर घेऊन बसलो. २० ऑक्टोबरला भारत सोडला तर तो दिवस भारतातलाच धरायचा. २१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर हे पूर्ण चौदा. ४ तारीख पदरची. ५ ला अमेरिकेत. म्हणजे ८ तारखेच्या आधी तीन दिवस हातात. उशीर केला की ही फट बंद. जागतिक आरोग्य संघटनेची बैठक २६ ऑक्टोबरला होती, तिचा निकाल बघून निघू म्हटलं तर चौदा दिवस भरायला ९ तारीख उजाडली असती.

दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली. फाइल ऑगस्टपासून तयार होतीच. त्यातही एक भानगड होती. सौ. च्या आधारवर नाव एका पद्धतीनं, पासपोर्टवर दुसऱ्या. आपल्याकडे बायकांच्या नावामागे नवऱ्याचं नाव कधी असतं, कधी नसतं. कोविनवर सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर जोडायची सोय आली होती, पण नाव दुरुस्तीची संधी एकदाच. मी ते स्पेलिंग तीन जणांकडून तपासून घेतलं होतं. एवढी काळजी मी कर्जाच्या कागदपत्रांतसुद्धा घेतली नसेल.

मालदीवला जाताना निघण्याआधी ९६ तासांतली आरटीपीसीआर लागत होती. ती कोल्हापुरात करून निघा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण जुलै डोळ्यासमोर होता. पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलं आणि पुण्याचा रस्ता कित्येक दिवस बंद. ऑक्टोबरात पूर येत नाही हे खरं, पण ९६ तासांचं घड्याळ लावून चारशे किलोमीटर रस्त्यावर विश्वास टाकायची माझी तयारी नव्हती. १७ ला मुंबई गाठली, टेस्ट तिथं केली, कोजागिरीचं दूध भाच्याकडे प्यायलो.

सामानाबद्दल बायकांनी नंतर फार विचारलं म्हणून सांगतो. अळीव, सुंठ, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू. पण लाडवात खसखस नाही. मधे दोहाला विमान बदलायचं होतं आणि आखाती देशांत खसखशीला बंदी आहे, तिथं ते अमली पदार्थाचं बी समजतात. आणि मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती न्यायला परवानगी नाही. त्यामुळे सौ. नं प्रवासातला बाळकृष्ण आणि अंबाबाईचा टाक शेजारच्या वहिनींकडे दिला. त्यांनी सहा महिने रोज नैवेद्य दाखवला, हे मी आज सर्वांसमोर सांगतो, कारण त्या स्वतः सांगणार नाहीत.

मालेजवळ हुलहुमाले म्हणून भाग आहे, विमानतळाला रस्त्यानं जोडलेला. तिथल्या एका साध्या गेस्टहाऊसमध्ये राहिलो. आमच्यासारखे दिवस मोजणारे आणखी काही भारतीय होते. बाहेर निळा समुद्र आणि आम्ही खोलीत मास्क लावून. कारण भीती एकच होती. अमेरिकेच्या विमानात बसण्याआधी तीन दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट दाखवायची होती. दोघांपैकी एक जरी पॉझिटिव्ह निघाला तर?

यावर पहिल्याच रात्री आमचं बोलणं झालं. मी म्हटलं, मी पॉझिटिव्ह आलो तर तू एकटीनं जायचं. मी बरा होऊन मागून येईन, माझी लस चालते. ती म्हणाली, तुम्हाला परक्या देशात आजारी टाकून? मी म्हटलं, आपण निघालोय कशासाठी? ती बराच वेळ गप्प. आयुष्यात पुण्यापलीकडे एकटी न गेलेली बाई. मग मी चार पानं लिहिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. दोहाला उतरल्यावर कुठल्या रंगाच्या पाट्या बघायच्या, व्हीलचेअर कशी मागायची, इमिग्रेशनवाल्यानं काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, इंग्रजी वाक्यं देवनागरीत. ती रोज संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत ती वाक्यं पाठ करायची. "आय वॉज इन मालदीव्ज फॉर फिफ्टीन डेज." ती पॉझिटिव्ह आली तर काय, हे मात्र आम्ही दोघांनीही बोलायचं टाळलं.

२६ ऑक्टोबरला बातमी आली की आरोग्य संघटनेच्या समितीनं आणखी खुलासे मागितलेत, पुढची बैठक ३ नोव्हेंबरला. आपण निघून आलो ते बरं, असं त्या आठवड्यात रोज वाटायचं.

३ तारखेला सकाळी स्वॅब दिला. दुपारपासून मी फोन हातात घेऊन बसलेलो. संध्याकाळी पहिली बातमी आली ती लॅबची नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेनं कोव्हॅक्सिनला मान्यता दिली होती! सौ. हसायला लागली, इतकी की शेवटी रडायलाच लागली. रात्री रिपोर्ट आला, दोघांचेही निगेटिव्ह.

४ तारखेला लक्ष्मीपूजन. मूर्ती नाही, फोटो नाही. माझ्या पाकिटात रुपयाचं नाणं होतं, ते स्टीलच्या ताटलीत ठेवून हळदकुंकू वाहिलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची लक्ष्मी सांभाळली, पण इतकी मनापासून पूजा तोवर झाली नव्हती. पाडव्याला, ५ तारखेला, न्यूयॉर्कला उतरलो. इमिग्रेशनच्या माणसानं चौदा दिवसांचं विचारलं. मी फाइल उघडायच्या आतच सौ. नं तिचं वाक्य म्हणून टाकलं. त्यानं मान हलवली आणि शिक्का मारला.

नात २१ नोव्हेंबरला पहाटे झाली. जावई हॉस्पिटलमध्ये, आम्ही घरी फोनपाशी. तिसऱ्या दिवशी मुलगी घरी आली आणि सौ. नं तेल कोमट करायला ठेवलं.

यावर मला अनेकांनी विचारलंय, आणि आज चहाच्या वेळी पुन्हा कुणीतरी विचारेल, की साहेब, पाच दिवस थांबला असता तर सरळ मुंबईहून गेला असता की! दोघांचे मिळून दोन लाख वाचले असते. हिशेब बरोबर आहे. पण हा हिशेब ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळनंतरचा. मला निर्णय घ्यायचा होता १६ ऑक्टोबरच्या सकाळी, आणि त्या दिवशी माझ्या खात्यात जी माहिती जमा होती त्यावरच चेक फाडता येत होता. घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असं मी कुठल्या कर्जदाराला म्हणू दिलं नाही, तर स्वतःला कसं म्हणू?

आम्ही एप्रिल २०२२ मध्ये परतलो. तोवर आपली नेहमीची विमानं सुरू झाली होती, विलगीकरण गेलं होतं, फक्त एअर सुविधाचा फॉर्म भरावा लागला. गेल्या जूनमध्ये अमेरिकेनं टेस्ट काढून टाकली, नोव्हेंबरमध्ये आपण एअर सुविधाही बंद केलं. तेव्हा मी फाइल रद्दीत टाकायला काढली होती. पण या १ जानेवारीपासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना पुन्हा आरटीपीसीआर आणि पुन्हा तोच फॉर्म आहे. आपल्या बी विंगमधला एक मुलगा सिंगापूरला आहे, त्याचे वडील कालच विचारत होते. अमेरिकेला जाणाऱ्यांना लशीचं सर्टिफिकेट आजही लागतं, नावाचं स्पेलिंग आधी बघून घ्या. फाइल माझ्याकडेच आहे. संध्याकाळी सहानंतर या, दुपारी आमची झोपायची वेळ असते.