उंच, धिप्पाड स्वाराची मोटारसायकल

सहा फुटांहून उंच आणि शंभर किलोंच्या घरातील गृहस्थ जेव्हा मोटारसायकलच्या खरेदीस निघतो, तेव्हा विक्रेत्याने वर्णिलेल्या अश्वशक्तीपेक्षा आसन आणि पायदान यांमधील अंतर त्याने प्रथम पाहावे; कारण ते अपुरे असल्यास गुडघे दुमडून राहतात आणि तासाभरात कंबर धरते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे आसन ८०५ मिलिमीटरांवर असते, तर हिमालयन ४५० चे ८२५ वरून ८४५ वर नेता येते. तथापि केवळ या आकड्यांवर भिस्त ठेवू नये, कारण पायदानही त्याच मानाने उंच असले, तर गुडघ्यांना लाभ शून्य.

दुसरी बाब वजनाची. गाडीच्या पुस्तिकेत नमूद केलेल्या कमाल एकूण भारातून तिचे स्वतःचे वजन वजा जाता जे उरते, त्यातच स्वार, सहप्रवासी आणि सामान बसले पाहिजे. मागील स्प्रिंगचा ताण पान्याने वाढवून घ्यावा, टायरमधील हवा पुस्तिकेबरहुकूम भरावी, आणि सौदा पक्का करण्यापूर्वी सहप्रवाशासह गतिरोधकावरून एक फेरी मारावी. इतके करूनही मागील बाजू तळाला आदळत असेल, तर दुसरी गाडी पाहणेच श्रेयस्कर.