सिंक म्हणजे बॅकअप नाही, भो!

मी मूळचा जामनेरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. आजचा विषय आहे बॅकअप. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आपल्या खान्देशातल्यांना पीजे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: पाचोरा-जामनेर, 56 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे. मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली आणि पुन्हा तशी धावलीच नाही. त्याच्या आदल्या डिसेंबरात मी आजीला घेऊन पीजेने पाचोऱ्याला गेलो होतो. खिडकीशी बसून ती बोलत होती. लग्न होऊन याच गाडीने जामनेरला कशी आली, शेंदुर्णीला कोण भेटायला आलं होतं, सगळं. मी 11 मिनिटांचा व्हिडिओ काढला. 2021 मध्ये आजी गेली.

तो व्हिडिओ लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये होता. ते फोल्डर क्लाउडला सिंक होतं. एकदा लॅपटॉप भरला, म्हणून मी अख्खं फोल्डर डिलीट केलं. म्हणलं, क्लाउडवर आहेच की! चार महिन्यांनी व्हिडिओ शोधायला गेलो, तर क्लाउडवरही नाही. ट्रॅशही रिकामा. बीटेक झालेला माणूस मी, दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळतो.

झालं काय होतं? सिंकचं काम एकच: दोन्हीकडे सारखं ठेवणं. इकडे फाइल आली की तिकडे येते, इकडून गेली की तिकडूनही जाते. बॅकअपचं काम वेगळं. मूळ फाइल गेली किंवा बिघडली तरी तिची जुनी प्रत वेगळी टिकवणं.

ही चूक मोठमोठ्यांनाही भोवते. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला. आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने विस्कळीत झालं. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडे होतं. मर्स्कच्या नेटवर्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सुमारे 150 सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत सिंक होत, म्हणून एक गेला तर दुसऱ्यावरून भरून काढू, असा हिशेब होता. पण सगळे एकाच नेटवर्कवर, त्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घानामधला. का? तर हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती! लोडशेडिंगला आपण एवढ्या शिव्या घालतो, तिथे तिनेच कंपनी वाचवली.

गंमत पुढे आहे. घानाचं इंटरनेट इतकं हळू, की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. म्हणून एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला. तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. मर्स्कने 10 दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे केले.

मग आपण काय करायचं?

पहिलं, आपलं ॲप नक्की काय करतं ते बघा. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, मग कायमचा जातो. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल, तर 'फ्री अप स्पेस' वापरा. कॉम्प्युटरसाठी बॅकअप सॉफ्टवेअर घेताना दोन प्रश्न विचारा: फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवतं का? आणि डिलीट केलेली फाइल किती दिवस ठेवतं?

दुसरं, 3-2-1 चा नियम. पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने तो मांडला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. कॉपी झाली की हार्ड डिस्क काढून ठेवा. लावूनच ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरेल. आपले वडील सातबाऱ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एक मामाकडे ठेवतात ना? तेच करायचं आहे.

गुगलची फुकट जागा 15 जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळंच आलं. तेव्हा आधी जे पुन्हा मिळणार नाही ते ठेवा. सिनेमे परत डाउनलोड होतील. आणि 30 जीबी रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चढवायला 20 दिवस लागतील. त्यापेक्षा कोणाच्या तरी वायफायवर रात्री लावून झोपा.

तिसरं, आणि हे कोणीच करत नाही: रिस्टोर करून बघा. महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल बॅकअपमधून उतरवा, उघडा. उघडली तरच तो बॅकअप. अकाउंटचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. फोनच हरवला, तर फोनमधले कोड काय कामाचे?

माझ्या व्हिडिओचं काय झालं? आमचं घाना निघालं पहूरला. आत्याचा डिस्प्ले फुटलेला जुना फोन कपाटात बंद पडून होता. डिस्प्ले बदलून सुरू केला, तर फॅमिली ग्रुपवर मी टाकलेली 40 सेकंदांची क्लिप त्यात सापडली. चित्र धूसर आहे, पण आवाज स्वच्छ. आजी म्हणते, "खिडकी लाव रे, वारं लागतं." शेंदुर्णीची गोष्ट मात्र गेली. ती आता कोणालाच नीट आठवत नाही.

ती क्लिप आता तीन ठिकाणी आहे. तुमच्या फोनमध्ये अशी जी एक गोष्ट असेल, ती आज रात्री दुसरीकडे ठेवा. आणि एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात.