खेळातील चिकाटी आणि कृतार्थता



विजेत्याच्या हातातील चषक सर्वांना दिसतो. त्या चषकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याने पचविलेले पराभव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. टेनिसच्या मोठ्या स्पर्धेचे साधे गणित या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. विम्बल्डनच्या एकेरी स्पर्धेत १२८ खेळाडू उतरतात. बाद पद्धतीने सात फेऱ्या होतात व एकूण १२७ सामने खेळले जातात. प्रत्येक सामन्यात एक जण हरतो. म्हणजेच १२७ खेळाडू पराभूत होऊन परततात आणि केवळ एक अपराजित राहतो. जगातील निवडक खेळाडूंची जर ही स्थिती, तर तालुका वा जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींनी एखाद्या पराभवाने खचून जाण्याचे कारण नाही. स्पर्धेत उतरणे म्हणजे पराभवाशी परिचय करून घेणेच होय.

टेनिसच्या गुणपद्धतीत चिकाटीची कसोटी अधिकच कठोर होते. हॉकी, फुटबॉल किंवा कबड्डीमध्ये आघाडी मिळाल्यावर वेळ काढून सामना वाचविता येतो. टेनिसमध्ये घड्याळ कुणाच्याही मदतीला येत नाही. आघाडी कितीही मोठी असो, शेवटचा गुण स्वतःलाच मिळवावा लागतो. आणि तो मिळेपर्यंत प्रतिस्पर्ध्याची आशा जिवंत असते. एकेरीच्या सामन्यात खेळाडू मैदानावर एकटा असतो. म्हणूनच त्याच्या मनाची शक्ती आणि दुर्बलता या खेळात उघडी पडते.

याना नोवोत्ना हिची कारकीर्द याची साक्ष देते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरी तिचा जन्म झाला. सर्व्हिस करून त्वरेने जाळ्यापाशी धावावे आणि चेंडू जमिनीला टेकण्यापूर्वीच परतवावा, ही तिची शैली. हिरवळीच्या मैदानास ती विशेष साजेशी होती. १९९३ च्या विम्बल्डन स्पर्धेत गाब्रिएला साबातिनी आणि मार्टिना नवरातिलोवा यांसारख्या मातब्बर खेळाडूंना नमवून तिने अंतिम फेरी गाठली. तेथे तिची गाठ स्टेफी ग्राफशी पडली. पहिला सेट ग्राफने टायब्रेकरमध्ये घेतला, दुसरा नोवोत्नाने ६-१ असा सहज जिंकला. निर्णायक सेटमध्ये ती ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिची होती आणि गेममध्येही ४०-३० अशी आघाडी होती. एक गुण मिळताच ५-१ अशी स्थिती झाली असती.

नेमक्या त्या क्षणी तिच्या हातून डबल फॉल्ट झाला. तेथून खेळाचा सारा नूर पालटला. ग्राफने ओळीने पाच गेम जिंकून विजेतेपद राखले. पारितोषिक समारंभात डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर मस्तक ठेवून नोवोत्नाला रडू कोसळले. तू एक दिवस निश्चित जिंकशील, असा धीर त्यांनी तिला दिला. ते छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. त्यासोबतच, ऐन वेळी कच खाणारी खेळाडू असा शिक्काही तिच्यावर बसला. १९९५ च्या फ्रेंच स्पर्धेत तो अधिकच गडद झाला. चंदा रुबिनविरुद्ध निर्णायक सेटमध्ये ५-० आणि ४०-० अशी स्थिती असताना, एकंदर नऊ मॅचपॉइंट हाती येऊनही, तिने तो सामना गमावला.

असे पराभव पदरी आल्यावर खेळ सोडून देणे अस्वाभाविक ठरले नसते. नोवोत्नाने तसे केले नाही. तिने आपला आक्रमक बाणा सोडला नाही, प्रशिक्षकही बदलला नाही. १९९० पासून तिला मार्गदर्शन करणारी हाना मांडलिकोव्हा ही स्वतः १९८१ आणि १९८६ मध्ये विम्बल्डनची अंतिम फेरी हरलेली होती. त्या दुःखाची तिला पूर्ण जाण होती. एकेरीत यश हुलकावण्या देत असताना दुहेरीतील सामनेही नोवोत्ना तितक्याच निष्ठेने खेळत राहिली. ज्या मैदानावर तिचे अश्रू जगाने पाहिले, त्याच विम्बल्डनमध्ये १९९५ साली तिने महिला दुहेरीचे विजेतेपद मिळविले.

१९९७ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत आली. पहिला सेट जिंकूनही अवघ्या सोळा वर्षांच्या मार्टिना हिंगीसकडून ती हरली. त्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची होती. टेनिसच्या हिशेबाने हे वय उतरणीचे मानले जात असे. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस तिने मोसमाच्या समारोपाची मानाची स्पर्धा जिंकली. पुढील वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत तिने हिंगीसलाच पराभूत केले आणि ४ जुलै १९९८ रोजी फ्रान्सच्या नाताली तोझिया हिच्यावर ६-४, ७-६ असा विजय मिळविला. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या खांद्यावर ती रडली होती, त्याच डचेस ऑफ केंट यांच्या हस्ते तिला विजेतेपदाची तबकडी मिळाली. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कर्करोगाने तिचे निधन झाले, तेव्हा जगाने तिच्या अश्रूंची आणि त्या विजयाची एकत्रच आठवण केली.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. नोवोत्नाला अखेर विजेतेपद मिळाले म्हणून तिची चिकाटी सार्थ ठरली; ते मिळालेच नसते तर? या शंकेचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या केन रोझवॉलने दिले आहे. १९५४ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत यारोस्लाव द्रोब्नीकडून हरला. द्रोब्नी स्वतः १९४९ आणि १९५२ मध्ये अंतिम सामना हरलेला होता. एकाची प्रतीक्षा त्या दिवशी संपली, दुसऱ्याची सुरू झाली. रोझवॉल १९५६ मध्ये पुन्हा हरला. त्यानंतर तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि त्या काळच्या नियमांमुळे १९५७ ते १९६७ अशी उमेदीची अकरा वर्षे त्याला या स्पर्धेचे दार बंद राहिले. १९६८ मध्ये दार उघडले. १९७० साली पस्तिसाव्या वर्षी आणि १९७४ साली एकोणचाळिसाव्या वर्षी त्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली. दोन्ही वेळा पराभवच वाट्याला आला.

विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद रोझवॉलला कधीच मिळाले नाही. म्हणून त्याला अयशस्वी म्हणावयास कोणीही धजणार नाही. अन्य प्रमुख स्पर्धांत त्याने एकेरीची आठ विजेतेपदे मिळविली. पहिल्या आणि चौथ्या अंतिम सामन्यात वीस वर्षांचे अंतर असावे, यातच त्याच्या खेळावरील प्रेमाची आणि परिश्रमाची साक्ष आहे. विजय हा बऱ्याच अंशी प्रतिस्पर्ध्यावर, त्या दिवसाच्या प्रकृतीवर आणि दैवावर अवलंबून असतो. साधना मात्र सर्वस्वी खेळाडूच्या स्वाधीन असते. जी गोष्ट आपल्या स्वाधीन आहे ती पूर्णत्वाने केल्याचे समाधान, यालाच कृतार्थता म्हणतात.

आपल्या देशातही असे उदाहरण घडले आहे. रोहन बोपण्णा २०१० मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीची अंतिम फेरी हरला. २०२३ मध्ये त्याच स्पर्धेत तो पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला व पुन्हा हरला. मधल्या काळात त्याचे गुडघे झिजले होते, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी घडविलेल्या योगपद्धतीचा त्याने आधार घेतला. जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनच्या साथीने त्याने ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

मित्रहो, या उदाहरणांतून पालक आणि क्रीडाशिक्षक यांनीही काही बोध घ्यावयास हवा. हरून आलेल्या मुलाला प्रथम निकाल विचारण्याऐवजी, आज तू काय शिकलास, असे विचारावे. चुकांची चर्चा अवश्य करावी, परंतु एका दिवसाच्या चुकीवरून त्याच्या योग्यतेविषयी कायमचा निर्णय देऊ नये. खेळाडूंनीही ध्यानात ठेवावे की, चिकाटी म्हणजे तीच चूक पुनःपुन्हा करणे नव्हे. उणीव शोधणे, ती दूर करण्यासाठी रोज घाम गाळणे आणि पुढील स्पर्धेसाठी पुन्हा नाव नोंदविणे, हे तिचे खरे स्वरूप होय. चषक प्रत्येकाच्या हाती येईलच असे नाही. परंतु कालच्यापेक्षा आज आपण सरस खेळलो, हा आनंद मिळविण्याचा अधिकार मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि तो कोणताही प्रतिस्पर्धी हिरावून घेऊ शकत नाही.