व्यवसायाचे मोल



व्यवसाय निवडताना तरुण मंडळी वेतनाची चौकशी करतात. त्यासाठी काय गमवावे लागेल, हे क्वचितच विचारतात. परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या समाजात या प्रश्नाची उत्तरे घरोघरी आहेत.

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून निघालेले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफपेठांत पसरले. जुने सोने गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा स्वतःचा, डोक्यावर वरिष्ठ नाही. परंतु भट्टीची धग सोसावी लागते, आम्लाचा धूर छातीत जातो आणि चोरीचे सोने नकळत हाती आले तर पोलिसांचा ससेमिरा लागतो. केंद्र सरकारच्या नोकरीत वेतन निश्चित. पण बदलीचा हुकूम येताच मुलांची शाळा आणि पुष्कळदा शाळेची भाषाही बदलते. १ जानेवारी २००४ पासून नव्याने रुजू झालेल्यांना, सैन्यदले वगळता, निश्चित निवृत्तिवेतनाचा भरवसाही २०२५ पर्यंत नव्हता. बंगळूरच्या संगणक अभियंत्याचा पगार मोठा. मात्र अमेरिकेत कचेऱ्या उघडतात तेव्हा येथे रात्र पडू लागते आणि कामाच्या बैठका त्याच वेळी भरतात.

तेव्हा निर्दोष व्यवसाय शोधणे व्यर्थ होय. जी उणीव आपण जाणून पत्करली, ती सोसताना मन कडवट होत नाही. नकळत गळ्यात पडलेली उणीव मात्र चांगल्या नोकरीचीही गोडी घालवते, असे आम्हांस वाटते. म्हणून वडीलधाऱ्यांनी केवळ यशाच्या कथा न सांगता व्यवसायाने आपल्याकडून काय हिरावले, तेही मुलांना मोकळेपणाने सांगावे. मंडळाने वर्षातील एक सायंकाळ त्यासाठी राखावी, एवढीच विनंती.